मोटारीच्या पाठीवरची सायकल

मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर सायकलला बंदी आहे. तरीही शनिवारी पहाटे त्याच रस्त्यावरून कितीतरी सायकली ताशी शंभर किलोमीटरच्या वेगानं जाताना दिसतात, मोटारीच्या पाठीला बांधलेल्या. कुणी दोनशे किलोमीटरच्या ब्रेव्हेसाठी, म्हणजे लांब पल्ल्याच्या सायकलस्वारीसाठी, निघालेलं असतं, कुणी महाबळेश्वरचा चढ चढायला, तर कुणी मुलांना घेऊन कोकणात समुद्राकाठी दोन दिवस पायडल मारायला. ऑक्टोबर २०१९ मध्ये गोव्यात पहिल्यांदा ‘आयर्नमॅन ७०.३’ ही शर्यत झाली. १.९ किलोमीटर पोहणं, ९० किलोमीटर सायकल आणि वर २१.१ किलोमीटर धावणं. तेव्हापासून पुण्या-कोल्हापूरकडून घाट उतरून गोव्यात जाणाऱ्या मोटारींच्या मागे लाखालाखाच्या सायकली लटकू लागल्या आहेत.

एवढी महागडी वस्तू गाडीच्या मागे, नजरेआड बांधली की मालकाच्या मनात एकच धास्ती असते: सुटून पडली तर? ती धास्ती योग्यच आहे, कारण सुटलेली सायकल मागच्या दुचाकीवाल्याचा जीव घेऊ शकते. पण नीट बांधलेली सायकल सहसा पडत नाही. ती खराब होते. आणि खराब होते ती एखाद्या मोठ्या धक्क्यानं कमी, तासन्‌तास चालणाऱ्या बारीक हालचालीनं जास्त. दांड्याला घासणारं शेजारचं हँडल, जरासा ढिला पट्टा, एका जागी थरथरणारं चाक. चारशे किलोमीटरमध्ये ही हालचाल लाखो वेळा होते. म्हणून मागे बांधलेल्या सायकलीचं रक्षण म्हणजे मुख्यतः हालचालीचा बंदोबस्त. कव्हर, गोधडी, प्लास्टिक वगैरे सगळं त्यानंतर.

आपल्याकडच्या जुन्या लोकांना यात एवढं काय, असं वाटेल. एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी पुण्याहून अहमदनगरला गेली. पुढची कित्येक दशकं एसटीच्या टपावर पोती, ट्रंका, कोंबड्यांचे खुराडे आणि सायकली एकत्र प्रवास करत. सायकल आडवी टाकायची, सुतळीनं दोन वेढे द्यायचे, उतरवताना हँडल सरळ करायचं, झालं. ते चालून जायचं, कारण ती सायकल जाड पोलादी नळ्यांची होती. तिच्या नळीला पोचा पडायला हातोडा लागला असता. वजनाची फिकीर नव्हती, म्हणून धातूची कंजुषी नव्हती.

चांगल्या हलक्या सायकलीची गोष्ट निराळी. १८९७ साली इंग्लंडमध्ये रेनॉल्ड्स नावाच्या उद्योजकांनी एका युक्तीचं पेटंट घेतलं. सायकलीच्या नळीवर खरा ताण तिच्या टोकांना, जोडाशी येतो. मग मधला भाग कशाला जाड ठेवायचा? त्यांनी नळी टोकांना जाड आणि मध्ये पातळ केली. बाहेरून ती एकसारखीच दिसते. आजही उत्तम पोलादी फ्रेममध्ये टोकाला ०.८ आणि मध्यभागी ०.५ मिलिमीटर इतकी पातळ भिंत असते. ॲल्युमिनियमच्या फ्रेमनीही तीच युक्ती उचलली. आता गंमत पाहा, मोटारीमागच्या लटकत्या रॅकचे हात वरच्या दांड्याला धरतात ते नेमके मध्यावर! फ्रेम बनवणाऱ्यानं जिथे धातू वाचवला, तिथेच रॅकवाला मूठ आवळतो.

कार्बनच्या फ्रेमचं दुखणं आणखी वेगळं. कार्बनचे धागे ज्या दिशेनं अंथरलेले असतात त्या दिशेच्या ताणाला ते फार चिवट असतात. पण बाजूनं, एका ठिकाणी चिमटीसारखा दाब आला की आतले थर एकमेकांपासून सुटू शकतात. वरून रंग शाबूत, आत तडा. पोलाद वाकतं आणि दिसतं. कार्बन गप्प राहतो. त्यामुळे कार्बनच्या सायकलीला दांड्यावर आवळून धरणारा रॅक वापरूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. ‘हलकंच आवळलंय’ हे उत्तर पुरेसं नाही, कारण हलकं आवळलं की सायकल झुलते, आणि झुलू नये म्हणून माणूस पहिल्याच ढाब्यावर आणखी एक आटा फिरवतो.

तर मग धरायचं कशाला? चाकांना. सायकल जन्मभर सगळं वजन चाकांवरच पेलते, धक्केही तिथूनच घेते. ज्या रॅकमध्ये दोन्ही चाकं खोबणीत उभी राहतात आणि एक हूक पुढच्या टायरवर दाबून बसतो, त्यात फ्रेमला कशाचा स्पर्शच होत नाही. असे रॅक बहुतेक वेळा गाडीच्या मागच्या टो-बारवर, म्हणजे ट्रेलर ओढायच्या दांड्यावर, बसतात. युरोपात टो-बार घरोघरी; आपल्याकडे क्वचित एखाद्या गाडीला. त्यामुळे आपल्या रस्त्यांवर सर्रास दिसतो तो डिकीच्या दाराला पट्ट्यांनी बांधायचा रॅक. स्वस्त, घडी करून ठेवता येणारा, आणि सगळ्या प्रकारांत सर्वांत जास्त काळजी मागणारा. थार किंवा बोलेरोसारख्या गाडीला मागे स्टेपनी असते, तिच्यावर बसणारे रॅकही मिळतात. ते त्यातल्या त्यात भक्कम.

पट्ट्यांच्या रॅकची पहिली अट अगदी साधी आहे आणि नव्वद टक्के लोक ती विसरतात, असं म्हणण्याचा मोह होतो. मोजलेलं कुणी नाही, पण पार्किंगमध्ये उभं राहून पाहिलं तर पटेल. रॅकच्या रबरी पायांखाली येणारी गाडीची जागा आधी ओल्या फडक्यानं पुसायची. पायही पुसायचे. पत्रा आणि रबर यांच्यामध्ये धुळीचा पातळ थर राहिला की प्रवासभर पॉलिश पेपर फिरत राहतो आणि गाडीच्या रंगावर दोन गोल डाग कायमचे उमटतात. हूक अडकवायचे ते दाराच्या पत्र्याच्या कडेला. मागच्या काचेवरचा स्पॉयलर बहुतेक गाड्यांत प्लास्टिकचा असतो. त्याला हूक लावणं म्हणजे तो उपटायची तयारी करणं. काचेच्या कडेला साधा हूक लावूच नये.

आता त्या बारीक हालचालीकडे वळू, कारण खरी मेख तिथे आहे. १९३० च्या दशकात अमेरिकेतल्या डेट्रॉइटमध्ये तयार झालेल्या नव्याकोऱ्या मोटारी रेल्वेनं दूरदूर पाठवल्या जात. उतरवून घेतल्यावर काही गाड्यांच्या चाकांतले बेअरिंग खडखडत. गाडी एक मैलही चालली नव्हती, चाक फिरलंच नव्हतं, तरी बेअरिंगच्या वाटीत छर्ऱ्यांच्या अंतरानं नेमके खळगे पडलेले. ब्रिनेल या स्वीडिश अभियंत्यानं १९०० साली पोलादी गोळी दाबून धातूचा कणखरपणा मोजायची पद्धत काढली होती. तिच्यात उमटतात तसेच हे खळगे दिसत. म्हणून आधी सगळ्यांना वाटलं, रुळांच्या सांध्यांवरच्या दणक्यांनी छर्रे वाटीत रुतले. जनरल मोटर्समधले अभियंते जे. ओ. आल्मेन यांनी १९३७ साली दाखवून दिलं की हे रुतणं नव्हे, झिजणं आहे. छर्रा एकाच जागी केसाएवढा पुढे-मागे थरथरत राहिला की त्याच्याखालचं ग्रीस बाजूला सरकतं. चाक पूर्ण फिरलं असतं तर ग्रीस पुन्हा पसरलं असतं. ते फिरतच नाही. कोरड्या धातूवर धातू घासत राहतो. या प्रकाराला ‘खोटं ब्रिनेल’ असं नाव पडलं.

सायकलीत हे सर्वांत आधी जाणवतं ते हँडलच्या बेअरिंगमध्ये, ज्याला दुकानात हेडसेट म्हणतात. फोर्क सरळ, चाक सरळ, छर्रे ठरलेल्या जागी, आणि खालून रस्त्याची अखंड थरथर. वर्षानुवर्षं असं झालं की हँडल हलकेच फिरवल्यावर मधोमध बारीक ‘खट्’ लागतं, जणू हँडलला सरळच राहायची सवय जडली आहे. हे सगळं पाप रॅकचं नाही, सायकल चालवतानाही ही झीज होते. पण वारंवार गाडीवरून नेणार असाल तर हेडसेट वर्षातून एकदा उघडून नवं ग्रीस भरणं हा खर्च नव्हे, बचत आहे. पुढचं चाक खालच्या नळीला एका पट्ट्यानं बांधून टाकलं की हँडलचं डुलणंही थांबतं.

पट्ट्यांविषयी थोडं जास्त बोलायला हवं. नायलॉनचा पट्टा ओला झाला की पाणी पितो आणि लांबतो. पुण्यात कोरडा असताना गच्च आवळलेला पट्टा खंबाटकीच्या पावसात ढिला पडतो, त्यात कुणाची चूक नसते. पॉलिएस्टरचा पट्टा पाण्यानं फारसा लांबत नाही, म्हणून घेताना तोच मागून घ्यावा. दोघांचाही शत्रू ऊन. गच्चीवर वर्षभर पडलेला पट्टा दिसायला ठीक असतो, पण बोटांनी चुरला की पांढरी भुकटी सुटते. तो फेकून द्यावा. ट्रक बांधायचा रॅचेटचा पट्टा सायकलीला लावू नये, कारण त्याची ताकद एवढी असते की रिम वाकेपर्यंत हाताला कळत नाही. साधं दाताचं बक्कल पुरे. मोकळी टोकं फडफडत राहिली तर रंग उडवतात, ती गुंडाळून गाठ मारायची. लांब, ताणलेला पट्टा वाऱ्यात घूं घूं वाजत असेल तर त्याला अर्धा पीळ द्यावा. आवाज थांबतो आणि थरथरही.

दोन्ही टोकांना हूक असलेली रबरी इलॅस्टिकची दोरी आपल्याकडे दुचाकीच्या कॅरियरसाठी सर्रास वापरतात. ती सायकल धरून ठेवण्यासाठी निकामी आहे. तिचा गुणच ताणण्याचा, म्हणजे खड्ड्यात ती नेमकी हवी तेव्हा लांबते. शिवाय सुटलेला हूक डोळ्यात जाऊन झालेल्या जखमा डोळ्यांच्या डॉक्टरांना नव्या नाहीत. त्यापेक्षा पंक्चरवाल्याकडची जुनी ट्यूब कापून केलेली पट्टी कितीतरी चांगली. ती घसरत नाही, ओरखडत नाही, फुकट मिळते. मुख्य बांधणीवर तिचा एक वेढा म्हणजे निवांतपणा.

एकाहून अधिक सायकली असल्या की त्या एकमेकींच्या वैरी होतात. एकीचं पायडल दुसरीच्या स्पोकमध्ये, हिचं सीट तिच्या दांड्यावर. जड सायकल गाडीच्या अंगाला, हलकी बाहेर, आणि एकीचं हँडल डावीकडे तर दुसरीचं उजवीकडे, अशी रचना केली की निम्मी भांडणं मिटतात. उरलेल्यांसाठी पायडल काढून ठेवावीत. डावं पायडल उलट्या आट्याचं असतं एवढं लक्षात ठेवलं की झालं. पाना वर उभा धरून मागच्या चाकाच्या दिशेनं फिरवला की दोन्ही पायडलं सुटतात. मधे घालायला सर्वांत उत्तम वस्तू एसी-फ्रिजच्या दुकानात मिळते: तांब्याच्या नळीवर चढवतात तो काळा फोमचा पाइप. मीटरवर विकत घ्यायचा, उभा चिरायचा, दांड्यावर, फोर्कवर, मागच्या नळ्यांवर बसवायचा. पाणी पीत नाही, धूळ धरत नाही. आपल्याला मात्र प्रेमानं गोधडी किंवा जुनी चादर गुंडाळायची सवय आहे. कापडात वाळूचे कण अडकतात, ते भिजतं, आणि रंगाला लागून तेच कण प्रवासभर घासत बसतात. उघडी सायकल परवडली.

धूळ आणि पाणी यांचं गणित समजून घ्यायला गाडीच्या मागचा वारा समजून घ्यावा लागतो. हॅचबॅक आणि एसयूव्हीला मागच्या काचेवर वायपर असतो, डिकीवाल्या सेडानला बहुधा नसतो. कारण सेडानच्या उतरत्या काचेवरून हवा बरीचशी चिकटून वाहते. हॅचबॅकची पाठ मात्र एकदम तुटते, तिथे हवेचा दाब कमी होतो आणि चाकांनी उडवलेली धूळ-चिखल मागून वर खेचली जाते. मागे बांधलेली सायकल बरोबर त्या भोवऱ्यात असते. टपावरच्या सायकलीला समोरून पाऊस आणि किडे लागतात. मागचीला गाडीनं स्वतःच उडवलेला राडा लागतो. चेनवर तेल, तेलावर कोकणातली तांबडी धूळ: याचं जे वाटण तयार होतं ते दातेऱ्या खाऊन टाकतं. डिस्क ब्रेक असेल तर डिझेलची काजळी आणि रस्त्यावरचं तेल डिस्कवर बसतं, पॅड त्यात माखतात, आणि ब्रेक किंचाळतात पण पकडत नाहीत.

चाकाच्या मध्यावरच्या आणि पायडलजवळच्या बेअरिंगना रबरी सील असतं. ते धूळ अडवण्यासाठी. ताशी शंभरच्या वेगानं तासभर येणाऱ्या फवाऱ्यासाठी ते केलेलंच नाही. पावसाळ्यात गाडीमागून नेलेली सायकल प्रेशरच्या पाण्यानं धुऊ नये, उलट आत शिरलेलं पाणी आणखी आत जाईल. साध्या नळानं, हलक्या हातानं धुवावी, पुसावी, चेनला नवं तेल द्यावं. समुद्राकाठून आल्यावर तर त्याच रात्री.

मग कव्हर घालावं की नाही? इथे माझं मत बऱ्याच जणांना रुचत नाही. गाडीमागच्या सायकलींना अख्खं झाकणारं कव्हर मला घातक वाटतं. वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गानं वाढतो. समृद्धी महामार्गावर छोट्या गाड्यांना ताशी १२० ची मुभा आहे. साध्या रस्त्यावरच्या ६० च्या तुलनेत वेग दुप्पट, पण वाऱ्याचा जोर चौपट. उघड्या सायकलीच्या फ्रेममधून आणि स्पोकमधून बराच वारा आरपार जातो. कव्हर घातलं की तिथे शीड उभं राहतं. रॅकचे पट्टे ज्या ओढीसाठी केले त्याच्या कितीतरी पलीकडची ओढ त्यांच्यावर येते. काही नामांकित रॅक कंपन्या आपल्या सूचनांत कव्हर वापरू नका असं स्पष्ट लिहितात, ते उगाच नाही. शिवाय ढिलं कव्हर फडफडून रंग घासतं, आणि टेललाइट व नंबरप्लेट झाकतं ते वेगळंच. झाकायचं तर तुकड्यातुकड्यानं झाकावं: सीटला प्लास्टिकची टोपी, हँडलवरच्या गिअर-ब्रेकच्या लिव्हरना घट्ट पिशवी, चेन-गिअरभोवती आवळून बसणारं कापड.

एक धोका मात्र वाऱ्यापाण्याच्याही वरचा आहे आणि तो गाडीच्या पोटातून येतो. सायलेन्सर. घाट चढताना इंजिन सर्वांत जास्त राबतं, वेग सर्वांत कमी असतो, आणि नळीतून बाहेर पडणारा वायू चांगलाच तापलेला असतो. सायकलीचं चाक नेमकं त्या नळीच्या तोंडासमोर आलं तर टायर मऊ पडतो, ट्यूब फुटते. कार्बनची रिम असेल तर तिच्यातली राळ मऊ होऊन रिम कायमची बिघडते, आणि कार्बनच्या एका रिमच्या किमतीत बरी नवी सायकल येते. लटकत्या रॅकमध्ये चाक खाली लोंबतं, म्हणून हा प्रकार त्यातच जास्त. परीक्षा सोपी आहे. सायकली चढवल्यावर, निघण्याआधी इंजिन पाच मिनिटं चालू ठेवा आणि चाक जिथे आहे तिथे हात धरून पाहा. उभ्या गाडीत हाताला चटका जाणवत असेल तर घाटात टायर वाचणार नाही. सायकल वर घ्या, सरकवा, नाहीतर ते चाक काढून गाडीत ठेवा.

चाक काढलंच तर डिस्क ब्रेकच्या सायकलीत पॅडच्या फटीत प्लास्टिकची चकती घालायला विसरू नका. चाक नसताना लिव्हर दाबली गेली की पॅड एकमेकांना चिकटतात, आणि शर्यतीच्या पहाटे ते उघडत बसावं लागतं.

सायकलीचं रक्षण करताना रस्त्यावरच्या बाकीच्यांचं रक्षण विसरून चालत नाही. रोड सायकलीच्या दोन चाकांमधलं अंतर सुमारे एक मीटर, त्यात चाकाच्या दोन त्रिज्या मिळवल्या की लांबी जवळजवळ १.७ मीटर होते. जाड टायरची माउंटन सायकल १.९ मीटरपर्यंत जाते. आता वॅगनआरची रुंदी आहे १.६२ मीटर. म्हणजे दोन्ही बाजूंनी चाक बाहेर डोकावणार. आपल्याकडे वाहतूक थांबली की दुचाक्या ज्या फटीतून पुढे जातात, त्याच फटीत हे चाक असतं. दुचाकीवाला गाडीच्या रुंदीचा अंदाज घेऊन येतो, सायकलीच्या नाही. छोट्या गाडीला मोठी सायकल बांधायची तर पुढचं चाक काढणं हा एकच खरा उपाय. स्पेन आणि इटलीत मागे बाहेर आलेल्या सामानावर ५० सेंटिमीटर बाजूची, लाल-पांढऱ्या तिरप्या पट्ट्यांची चौकोनी पाटी लावावी लागते. आपल्याकडे निदान चाकांच्या टोकांना चमकणारी लाल पट्टी चिकटवायला काय हरकत आहे?

केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ चे आहेत, आणि त्यांनुसार मागची नंबरप्लेट दिसायला हवी. रात्री ती १५ मीटरवरून वाचता येईल एवढा पांढरा उजेड तिच्यावर हवा. टेललाइट आणि ब्रेकलाइट झाकले जाता कामा नयेत, हे तर सांगायलाच नको. युरोपात यासाठी दिव्यांची आणि नंबरची वेगळी पट्टीच मिळते, ती सायकलींच्या बाहेरून लावतात आणि तिची वायर गाडीला जोडतात. आपल्याकडे काही जण पुठ्ठ्यावर नंबर लिहून सायकलीला टांगतात. उच्च सुरक्षा नंबरप्लेटच्या जमान्यात कायद्याच्या लेखी ती नंबरप्लेट नव्हे. रॅक विकत घेण्याआधी आपल्याच गाडीला दुकानात लावून पाहावा, दोन सायकली टांगाव्यात आणि मागे दहा पावलं जाऊन काय काय झाकलं गेलं ते बघावं. सामान गाडीबाहेर येण्यावरही नियमांची बंधनं आहेत, तेव्हा आरटीओत विचारून घेतलेलं बरं.

वजनाचा हिशेबही दिसतो त्यापेक्षा मोठा असतो. समजा तीन सायकली आणि रॅक मिळून ६० किलो. मागच्या चाकांच्या आसापासून हे ओझं १.२ मीटर मागे आहे आणि गाडीच्या दोन आसांमधलं अंतर २.५ मीटर. तर मागच्या चाकांवर वाढतात ६० नव्हे, सुमारे ८९ किलो. आणि पुढची चाकं २९ किलोंनी हलकी होतात. पुढचं टोक उचललं जातं, हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यांत जातात. बऱ्याच गाड्यांत हेडलाइट खाली करायची चक्री असते; तिचा उपयोग अशाच वेळी. मागच्या टायरांत हवा पुस्तिकेत भरल्या गाडीसाठी सांगितली असेल तेवढी भरावी.

आणि स्पीड ब्रेकर! इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापानुसार गोलसर स्पीड ब्रेकर १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद हवा, म्हणजे गाडी लाटेसारखी चढून उतरेल. गावागावांत प्रत्यक्षात असतो तो हातभर रुंदीचा डांबराचा उंचवटा. त्यावरून मागचं चाक उतरतं तेव्हा गाडीची शेपूट सर्वांत जास्त आपटते, आणि सायकल शेपटीलाच असते. वेगाची मर्यादा काय, यापेक्षा स्पीड ब्रेकरवरून किती हळू गेलात, याचा रॅकच्या आयुष्याशी अधिक संबंध आहे.

गाडीच्या हुशारीकडेही लक्ष हवं. पाऊस पडत असताना रिव्हर्स टाकला की पुष्कळ गाड्यांचा मागचा वायपर आपोआप फिरतो आणि रॅकवर आपटून मोडतो. बटणावर उघडणारी डिकी असेल तर ते बटण बंद करून ठेवावं. पार्किंगचा सेन्सर सायकलीच बघून सतत कोकलत राहतो, मग माणूस त्याचं ऐकेनासा होतो, आणि रिव्हर्स घेताना भिंत लागते. एकानं खाली उतरून हात दाखवणं हाच त्यावरचा उपाय.

शर्यतीच्या जगात ही सगळी विद्या वेगळ्याच गरजेतून घडली. टूर द फ्रान्समध्ये संघांच्या गाड्या सायकली टपावर नेतात, मागे नव्हे. मेकॅनिक मागच्या सीटवर असतो, त्याला उडी मारून क्षणात सायकल काढायची असते, म्हणून प्रमुख स्वाराची सायकल टपाच्या कडेला. ‘रेस ॲक्रॉस अमेरिका’ ही शर्यत याच्या उलट: सुमारे ४,८०० किलोमीटर, अहोरात्र. २०१५ मध्ये नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी ती दोघांच्या गटात पुरी केली, आणि २०१७ मध्ये नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी एकट्यानं. तिथे रात्री स्वार मागच्या गाडीच्या उजेडात चालतो, आणि ती गाडी हळू चालणारी म्हणून तिच्या मागे त्रिकोणी खूण आणि लुकलुकणारे पिवळे दिवे लावावे लागतात. मागच्या रॅकवर जादा सायकली असल्या तरी हे सगळं मागून येणाऱ्याला दिसायलाच हवं. दिवे आधी, सायकल नंतर, हा क्रम आपणही उचलावा.

इलेक्ट्रिक सायकल २० ते २५ किलोंची असते आणि पट्ट्यांचे अनेक रॅक एका सायकलीमागे १५ किलोच सांगतात, तेव्हा ती अशा रॅकवर नकोच. रॅक दणकट असला तरी बॅटरी काढून गाडीत ठेवायची, वजनही कमी होतं आणि पाणीही लागत नाही. चोरीबद्दल एवढंच की पट्टा ब्लेडनं दोन सेकंदांत कापला जातो. कुलपाची साखळी सायकल आणि रॅक यांच्याबरोबर गाडीच्या एखाद्या पक्क्या भागातूनही गेली पाहिजे, आणि रात्री मुक्कामाला सायकल खोलीत. गाडीचा विमा सायकलीला लागू होईल असं गृहीत धरू नका. पॉलिसी काढून वाचा.

निघाल्यावर पहिल्या दहा किलोमीटरवर गाडी थांबवून सगळे पट्टे पुन्हा ओढून पाहा, कारण सुरुवातीलाच सगळं ‘बसतं’ आणि ढिलं पडतं. त्यानंतर प्रत्येक चहाला एकदा. मुक्कामी सायकल उतरवली की चाकं जागेवर बसली आहेत का, क्विक रिलीज किंवा अॅक्सल आवळला आहे का, हँडल चाकाच्या रेषेत आहे का, हे बघा. मग सपाट रस्त्यावर शंभर मीटर चालवून दोन्ही ब्रेक जोरात मारून पाहा. ते पकडले, तरच उताराला लागा.